वाचकांचे प्रश्न : हार्डडिस्कमधली द्राक्षबाग

प्रश्न (एक वाचक भगिनी, तासगाव तालुका) : मॅडम, माझ्या सासऱ्यांनी २००६ साली कॉम्प्युटर घेतला होता. द्राक्षबागेची रोजची नोंद ते त्याच्यावर करायचे. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, कुठल्या तारखेला काय फवारलं, पाऊस किती पडला, बेदाणा किती किलो निघाला, सगळं. २०१७ पर्यंत एकही हंगाम चुकला नाही. मागच्या वर्षी ते गेले. आता जुना प्लॉट काढून नवीन लागण करायची आहे आणि मिस्टर म्हणतात, बाबांच्या नोंदी पाहिजेतच. कॉम्प्युटर चालू होत नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्यांनी हार्डडिस्क काढून त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरला लावली, तर विंडोज एक्सपीचं चित्र येतं आणि लगेच निळी स्क्रीन येऊन बंद पडतं. ते म्हणतात, विंडोज नव्याने टाकावं लागेल, डेटाची खात्री नाही. आमच्या मुलाच्या नवीन कॉम्प्युटरमध्ये ती डिस्क बसवता येईल का? त्यात तसली रुंद पट्टी लावायला जागाच दिसत नाही. डिस्कवर ८० जीबी लिहिलं आहे.

उत्तर : ताई, त्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकू देऊ नका. हे वाचताय त्याच दिवशी फोन करून सांगा आणि डिस्क घरी आणून ठेवा. बाकीचं सगळं सावकाश केलं तरी चालेल.

निळी स्क्रीन आली म्हणजे डिस्क गेली असं नाही. विंडोजचं चित्र दिसण्याइतपत ती वाचली गेली, म्हणजे ती फिरते आहे आणि तिचं हेड, म्हणजे तबकडीवरचं वाचणारं टोक, काम करतं आहे. ही फार चांगली गोष्ट आहे. त्या निळ्या स्क्रीनवरच्या आकड्यांच्या ओळीत बहुतेक ७बी दिसत असेल. एक्सपी ज्या मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किटवर, टाकलं जातं, त्या बोर्डवरच्या डिस्क वाचणाऱ्या चिपची ओळख ते स्वतःत नोंदवून ठेवतं. वेगळ्या बोर्डला लावलं की सुरुवातीचा थोडा भाग बायोस, म्हणजे बोर्डवरचाच सुरुवात करून देणारा प्रोग्रॅम, वाचून देतो, म्हणून चित्र येतं. मग एक्सपी सूत्रं हातात घेतं, नवी चिप त्याच्या ओळखीची नसते, आपण ज्या डिस्कवरून उठलो तीच त्याला सापडत नाही, आणि ते थांबतं. तुमच्या सासऱ्यांच्या फाइली या सगळ्यात जागच्या जागी असतात.

माझं सांगलीला विश्रामबागेत दुरुस्तीचं दुकान आहे, २००१ पासून. जुनी डिस्क घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, तुम्हाला तो कॉम्प्युटर परत हवाय, की त्यातलं लिहिलेलं हवंय? तुमच्यासारखं लिहिलेलं हवं असेल, तर त्या डिस्कवरून कॉम्प्युटर उठवायच्या नादाला लागूच नये. नव्या कॉम्प्युटरचं स्वतःचं विंडोज चालू राहू द्यायचं आणि ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी बाजूला जोडून वाचायची. एक्सपी उठवून तरी काय मिळणार? २०१४ च्या एप्रिलपासून त्याला मायक्रोसॉफ्टचे अपडेट नाहीत, ते इंटरनेटला जोडणं धोक्याचं. आणि डिस्कवरून विंडोज उठलं की ते स्वतःच्या शेकडो बारीकसारीक गोष्टी त्याच डिस्कवर लिहायला लागतं. आपल्याला तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाहीये.

हे मी इतकं बजावून सांगते त्याला कारण आहे. २००४ साली एका फोटो स्टुडिओचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता, विंडोज बिघडलं म्हणून. फोटो डी ड्राइव्हवर असतील असं मी धरून चालले आणि सी वर नवीन विंडोज टाकलं. फोटो सी वरच होते. एका लग्नाचे काही फोटो परत मिळाले, पण त्यातले कितीतरी अर्धवट : वर मांडव आणि चेहरे, आणि खाली निम्म्या फोटोवर नुसता करडा पट्टा. ती नवरी मुलगी स्वतः दुकानात आली आणि एकेक फोटो पाहत बसली. त्यानंतर आजपर्यंत, आधी दुसरीकडे पूर्ण प्रत काढल्याशिवाय मी कुणाच्याही डिस्कवर काही लिहिलेलं नाही.

आता जोडणीकडे येऊ. रुंद पट्टी म्हणताय म्हणजे तुमची डिस्क आयडीई पद्धतीची आहे. नव्या मदरबोर्डवर तिची जागा नसते, कारण २००३ च्या सुमारास साटा ही बारीक वायरची नवी जोडणी आली आणि पुढच्या काही वर्षांत आयडीई मागे पडत गेली. तुम्हाला आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा यूएसबी अडॅप्टर लागेल. घेताना त्याच्यासोबत विजेचा स्वतंत्र अडॅप्टर आहे ना, हे बघून घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट दोन्ही लागतात आणि यूएसबीमधून फक्त ५ येतात.

डिस्क हातात घेऊन मागची बाजू बघा. दोन ओळींत बारीक सुया आहेत, त्यातल्या एका ओळीत बरोबर मध्ये एक सुई नाही. ती तुटलेली नाही, ४० पैकी ती एक मुद्दामच नसते, पट्टी उलटी बसू नये म्हणून. तिच्या शेजारी आणखी काही सुया आणि त्यातल्या दोन सुयांवर एक इवलीशी प्लास्टिकची टोपी असेल, तांदळाच्या दाण्याएवढी. हा जम्पर. एका पट्टीवर दोन डिस्क लागू शकतात, त्यातली ही पहिली (मास्टर) की दुसरी (स्लेव्ह) हे तो ठरवतो. डिस्कच्या लेबलवर त्याचा छोटा नकाशा छापलेला असतो. त्यात बघून तो मास्टरच्या जागी ठेवा. काही डिस्कना एकट्या जोडताना जम्पर काढूनच ठेवायचा असतो, तसं असेल तर लेबलवर लिहिलेलं असतं. काढायला चिमटा वापरा आणि पडला तर शोधायला खाली पांढरा कागद अंथरा.

मग विजेचा चार छिद्रांचा पांढरा प्लग. त्याचे दोन कोपरे तासलेले असतात, म्हणजे तो एकाच बाजूने जायला पाहिजे. पण जुने प्लग सैल झालेले असतात आणि जोर लावला तर उलटाही घुसतो, आणि मग ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्कखालचं सर्किट त्याच क्षणी जळतं. पिवळी वायर १२ ची, लाल ५ ची, मधल्या दोन काळ्या. डिस्कची सुयांची बाजू आपल्याकडे आणि हिरवं सर्किट खाली ठेवलं, तर लाल वायर सहसा सुयांच्या बाजूला म्हणजे डावीकडे येते आणि पिवळी उजव्या कडेला, पण यावर विसंबू नका, तासलेले कोपरे बघा. सगळं जोडून झाल्यावरच बटण दाबायचं.

डिस्क लाकडी टेबलावर सपाट ठेवा. गादीवर, उशीवर नको, तापते. फिरत असताना उचलायची नाही, सरकवायचीही नाही. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर. बंद केल्यावरही अर्धा मिनिट थांबून मगच हात लावा.

चालू केल्यावर कान द्या. एकसारखी घुंई आणि मधूनमधून हलकी करकर ऐकू आली तर ठीक आहे. टक्… टक्… टक् असा ठरावीक ठोका आला, तर ताबडतोब वीज बंद करा. तो हेडचा आवाज आहे, आणि पुढचं काम स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा असं कुणीतरी सांगेल. ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. झाकण उघडू नका. तसलीच दुसरी डिस्क आणून तिचं सर्किट लावू, असंही कुणी म्हणेल. प्रत्येक डिस्कच्या सर्किटवर फक्त तिच्यापुरती जुळवणी साठवलेली असते, म्हणून नुसती अदलाबदल बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही.

घुंई चांगली असली की पुढे विंडोज दोन प्रश्न विचारू शकतं. ‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायचा का?’ उत्तर : रद्द करा. ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का?’ उत्तर : रद्द करा. यातलं काहीही विचारलं तर तिथंच थांबा आणि मला फोटो पाठवा. काही न विचारता ड्राइव्ह दिसला आणि त्याची जागा ८० ऐवजी ७४.५ दाखवली, तर तो हिशेबाचा फरक आहे, कंपनी हजारात मोजते आणि विंडोज १०२४ मध्ये.

फाइली लगेच उघडत बसू नका, आधी पूर्ण डिस्कची प्रत काढा. मी यासाठी पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स (विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली) आणि त्यातलं डीडीरेस्क्यू हे प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरते. ते आधी चांगला भाग पटापट उचलतं, अडलेला भाग शेवटी पुन्हा प्रयत्न करून घेतं, आणि कुठपर्यंत आलं याची फाइल ठेवतं, त्यामुळे मध्येच काम थांबलं तरी पुढून सुरू होतं. तरीही इन्व्हर्टरवर करा. तुमच्याकडच्या लाइटचा भरवसा नाही आणि फिरत्या डिस्कची वीज अचानक जाणं बरं नाही. प्रत ज्या डिस्कवर घेणार ती फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असून चालणार नाही, तिथं ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. डिस्क निरोगी असेल तर ८० जीबीला तासभर पुरे. लिनक्समध्ये आज्ञा टाइप करायची सवय घरात कुणाला नसेल तर एवढं एकच काम माहितगाराकडून, तुमच्यासमोर करून घ्या. यात स्रोत आणि प्रत यांची नावं उलटी लिहिली गेली तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर चढते. मी जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावते आणि बटण दाबण्याआधी तिचा अनुक्रमांक मोठ्यानं वाचते.

प्रत हातात आली की मोकळेपणानं शोधा. एक्सपीमध्ये फाइली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरमध्ये, तुमच्या सासऱ्यांच्या नावाच्या फोल्डरात असतात. तिथं ‘माय डॉक्युमेंट्स’ बघा, आणि ‘डेस्कटॉप’ही बघा. माझा अनुभव असा की ज्यांनी वयाच्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला त्यांचं सगळं महत्त्वाचं डेस्कटॉपवरच असतं. विंडोज ‘परवानगी नाही’ म्हणेल, कारण ते फोल्डर जुन्या विंडोजमधल्या वापरकर्त्याच्या मालकीचं आहे. ‘पुढे चला’ म्हटलं की नवं विंडोज त्या फोल्डरवर तुमच्या नावाची परवानगी नोंदवतं. ही परवानगी नोंदवणं म्हणजेसुद्धा डिस्कवर लिहिणं, म्हणून ते प्रतीवर करायचं. लिनक्समधून पाहिलं तर ही अडचण येतच नाही.

प्रश्न (एक वाचक, गावभाग, सांगली) : २०१९ च्या महापुरात आमचा कॉम्प्युटर पाण्यात होता. वाळवून माळ्यावर ठेवला आहे. त्याची हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघू का? वडिलांचे व आजीचे फोटो आहेत.

उत्तर : दादा, लावू नका. एकदाही नको, बघण्यापुरतंही नको.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि पाणी उतरल्यावर माझ्या दुकानात चिखलानं भरलेल्या सीपीयूंची रांग लागली होती. हार्डडिस्क हवाबंद असते असा लोकांचा समज आहे. तुमची डिस्क उलटसुलट करून बघा. झाकणावर एक बारीक भोक आणि शेजारी ‘हे भोक झाकू नका’ अशी इंग्रजीत सूचना दिसेल. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवतात. त्याच्या आत गाळणी असते, पण ती धुळीसाठी, कृष्णेच्या गाळासाठी नाही. पाणी आत शिरून वाळलं असेल तर तबकडीवर गाळाचा थर बसलेला आहे. डिस्क फिरली की हेड त्या थरावर घासत जाईल आणि जिथून फोटो वाचायचे तोच मुलामा खरवडला जाईल. आज कदाचित शाबूत असलेलं त्या दहा सेकंदांत कायमचं जाईल.

लॅबमध्ये ती उघडून तबकड्या धुऊन मग वाचतात. डिस्क जशी आहे तशी, न पुसता, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि भोवती फोम घालून पाठवा. आधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या : तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती घेणार. खर्च मोठा असतो, तो करायचा की नाही हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. लगेच पैसे नसले तरी डिस्क टाकून देऊ नका. आणि नातेवाइकांकडे विचारा. आजीच्या फोटोंच्या कागदी प्रती कुणाच्या तरी कपाटात असतात.

पुढच्या वेळेसाठी एक सांगते : डिस्क ओली असतानाच मिळाली, तर ती वाळवायची नाही. ओलीच पिशवीत बंद करून पाठवायची. वाळल्यावर गाळ चिकटतो. तांदळात ठेवायचं तर नाहीच.

प्रश्न (एक विद्यार्थी, सातारा) : लॅपटॉप पडून फुटला. त्याची डिस्क मित्राच्या कॉम्प्युटरला लावली तर ४८ अंकी किल्ली मागतो. काय करू?

उत्तर : तुझ्या लॅपटॉपनं डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केली होती, बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हे आपोआप होतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं तू लॉगइन करायचास त्या खात्यात जाऊन रिकव्हरी की शोध. कॉलेजच्या ईमेलनं केलं असशील तर कॉलेजच्या संगणक विभागात विचार. किल्ली मिळाली तर सगळं मिळेल. नाही मिळाली तर कुणीही काढू शकणार नाही, आणि पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस.

पुन्हा तासगावहून : वरचं उत्तर मी त्या ताईंना आधीच कळवलं होतं. महिन्याभरानं त्यांचं दुसरं पत्र आलं. फाइली सगळ्या मिळाल्या, वर्षवार. पण उघडल्या तर तारखा आणि आकडे दिसतात आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. ‘इतकं करून बाबांचं लिहिलेलं खराबच झालं का?’ असं त्यांनी विचारलंय.

उत्तर : नाही ताई, काहीही खराब झालेलं नाही. त्या काळात आपल्याकडं मराठी टायपिंग श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरांच्या फाँटमध्ये चालायचं. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फाँट त्याच्यावर मराठी रूप चढवतो. फाँट नसला की आतलं उघडं पडतं. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, तेव्हाही होतं, पण एक्सपीमध्ये मराठी दिसायला कंट्रोल पॅनेलमधून वेगळी सोय चालू करावी लागायची आणि ती फार थोड्यांना माहीत होती.

फाइल उघडा, खिचडी झालेल्या एका ओळीवर क्लिक करा आणि वर फाँटच्या चौकटीत काय नाव येतं ते बघा. फाँट कॉम्प्युटरवर नसला तरी नाव तिथं येतं. तोच फाँट जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधल्या फाँट्स फोल्डरात असणार. सासऱ्यांनी ज्यात टाइप केलं तो फाँट तुमच्या त्या प्रतीतच आहे, इंटरनेटवर कुठला तरी शोधू नका, एकाच नावाचे थोडे वेगळे फाँट फिरत असतात आणि मग चार अक्षरं चुकीची येतात. विंडोजमधून ते फोल्डर उघडलं तर कधीकधी जुन्याऐवजी चालू विंडोजचेच फाँट दिसतात. लिनक्समधून बघा, तिथं साध्या फाइली दिसतात. ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर आणा, उजवं क्लिक, इन्स्टॉल. पान पुन्हा उघडा.

मराठी दिसलं की पहिलं काम, प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. फाँट पीडीएफच्या आत बसतो आणि मोबाइलवरही तसंच दिसतं. बागेत उभं राहून मिस्टरांना वाचायला हेच सोयीचं पडेल. त्यानंतर, शोधता यावं म्हणून, कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घ्या. २००९ ला डावणी (द्राक्षावरचा रोग) कुठल्या आठवड्यात आली हे एका शब्दावर सापडायला पाहिजे असेल तर युनिकोड लागतंच. मूळ फाइली तशाच ठेवा.

तुम्ही नमुन्याला पाठवलेली २००९ च्या ऑक्टोबर छाटणीची फाइल मी करून परत पाठवली आहे. कन्व्हर्टर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर एकत्र आलं की चुकतो, ‘सेंद्रिय’चं त्यानं सगळीकडं ‘सेंदि्रय’ केलं होतं. रफारही दोन ठिकाणी पुढच्या अक्षरावर गेला होता. मी पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. औषधाचं प्रमाण कुठं बदललेलं नाही, पण तुम्ही बाकीच्या फाइली कराल तेव्हा औषधांची नावं आणि प्रमाण स्वतः ताडून बघा, ती बागेत वापरली जाणार आहेत. त्या फाइलीत शेवटच्या पानावर, बेदाण्याच्या वजनाखाली, तुमच्या सासऱ्यांनी पुढच्या हंगामासाठी काही ओळी लिहून ठेवल्यात. त्या एक्सेलच्या दुसऱ्या शीटवर आहेत, खालच्या टॅबवर क्लिक केल्याशिवाय दिसत नाहीत. प्रत्येक वर्षाच्या फाइलीत ती दुसरी शीट उघडून बघा.